खुशीनं सांगितलेली मॅच

रूपालीची मॅच टीव्हीवर लागणार म्हणून विहाराच्या अंगणात सकाळपासून धावपळ चालली होती. काही झालं तरी तिकडं फिरकायचं नाही, असं खुशीनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. घोट्याला वाळूची पिशवी बांधलेला उजवा पाय ती सावकाश वर उचलायची आणि सावकाश खाली ठेवायची. नागपूरच्या डॉक्टरांनी रोज करायला सांगितलेला हा व्यायाम होता. पाय वर गेला की गुडघ्यात कळ यायची, आणि कळ आली की रूपाली आठवायची.

रूपाली तिची सख्खी चुलत बहीण. हट्टा रोडवरच्या त्या गावात दोन भावांची दोन घरं होती आणि मधे एकच अंगण होतं. दोघी पोरी त्याच अंगणात वाढल्या. बालाघाटचे महेंद्र सर एकदा गावात आले ते काखेत अंड्यासारखा लांबट चेंडू घेऊन. धान कापलेल्या बांधीत त्यांनी पोरींना रग्बी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा आधी लोक हसले. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरचीनं कमरेला मिठी मारून पाडायचं, आणि पास द्यायचा तो फक्त मागं. पुढं बॉल फेकला की चूक. हा असला कसला खेळ, असं म्हणणारेच पुढं बांधावर बसून पाहू लागले. खुशी वाऱ्यासारखी पळायची. रूपाली अंगानं भक्कम, तिनं धरलेली पोरगी सुटत नसे. जिल्ह्याच्या टीममध्ये दोघी गेल्या, राज्याच्याही गेल्या. मग भारताच्या टीमसाठी शिबिर लागलं. आपल्याकडून एकच पोरगी जाईल, असं सर म्हणाले. ती खुशीच, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

शिबिराच्या आधी बालाघाटच्या स्टेडियममध्ये शेवटची सरावाची मॅच झाली, दोघी समोरासमोरच्या बाजूंत होत्या. खुशीनं डावीकडं पास दिला. बॉल हातातून सुटला, दूर गेला, सगळ्यांच्या नजरा बॉलमागं गेल्या. आणि उजवीकडून रूपालीचा खांदा सरळ तिच्या गुडघ्यावर येऊन आदळला. आतलं काहीतरी तुटल्याचा आवाज एकट्या खुशीलाच ऐकू आला. सरांनी शिट्टी वाजवली नाही, कारण तेही बॉलकडेच पाहत होते. रूपाली तिच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "उठ नं वं. काही नाई झालं तुले."

त्यानंतर खुशी गेली नागपूरच्या दवाखान्यात आणि रूपाली शिबिरात. गाव म्हणालं, खेळ म्हटला की असं व्हायचंच. रूपालीचं नाव टीममध्ये आलं तेव्हा तिची आई, मंजूकाकू, पेढे घेऊन आली. खुशीच्या आईनं, पुष्पलतानं, पेढा हातात घेतला आणि काकूच्या देखत कोंबड्यांपुढं टाकला. दुसऱ्याच दिवशी अंगणाच्या मधोमध बांबूचा टट्टा उभा राहिला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आणि आज त्याच टट्ट्याला वळसा घालून रूपालीचे वडील, पुनारामकाका, दारात उभे होते.

"खुशी बाई," काका खाली पाहत म्हणाले, "चाल नं विहारात. पूरा गाव बसला हाये टीव्हीपुढं, पन खेळ कोणाले समजते? तुह्याशिवाय सांगन कोन?"

आतून पुष्पलता तडक बाहेर आली. हात पिठानं भरलेले. "काहून? माह्या पोरीले लंगडी करून मन नाई भरलं का तुमचं? आता तिनं तुमच्या पोरीचे गुण गावाले समजावून सांगाचे?"

मान खाली घालून काका परत फिरणार, तेवढ्यात खुशीनं पायाची पिशवी सोडली.

"थांबा काका. मी येतो."

"खुशी!" आई ओरडली.

"मले पाहाचं हाये, माय."

तिला काय पाहायचं होतं ते आईला कळलं असावं, कारण पुष्पलतानं मग अडवलं नाही. आजवर खुशी घरात बसून मनातल्या मनात रूपालीला हरवत आली होती. आज ती खरोखर हरणार असेल, तर ते डोळ्यांनी का पाहू नये?

विहाराच्या ओट्यावर रजतनं मोठा टीव्ही मांडला होता. रजत म्हणजे रूपालीचा थोरला भाऊ. बाया सतरंजीवर, बापे कठड्यावर, पोरं झाडावर. खुशी लंगडत आली तशी वाट झाली. अगदी पुढं तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. मंजूकाकूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. खुशीनं तो पाहिलाच नाही.

स्पर्धा बँकॉकला होती, आशियातल्या देशांची. भारत आदल्या दिवशी सेमीफायनल हरला होता. आजची मॅच कांस्यपदकासाठी, कझाकस्तानशी.

"किती वेळ चालते हे?" रुख्माबाईनं विचारलं. गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी बाई ती.

"सात मिनिटं, मग सुस्ती, मग अजून सात मिनिटं. पोरी पण एका बाजूनं सातच."

"बस? एवढ्यासाठी इमानात बसून गेली का थे?"

लोक हसले. मॅच सुरू झाली. टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी बडबड चालली होती, आणि पोरांच्या कालव्यात तीही ऐकू येत नव्हती. निळ्या जर्सीत रूपाली दिसली आणि अंगणात एकच ओरडा झाला. पहिल्याच धावेला कझाकस्तानची एक धिप्पाड पोरगी बॉल घेऊन सुसाट निघाली. रूपालीनं तिला कमरेत धरून अशी आडवी केली की बॉल तिच्या हातातून निसटला. टाळ्या पडल्या.

"चांगलं झालं का हे, खुशी?" काकांनी विचारलं.

चांगलंच झालं होतं. यापेक्षा चांगलं टॅकल खुशीनंही कधी केलं नव्हतं.

"उशीर केला तिनं," खुशी म्हणाली. "आधीच पाडाची होती. नशीब म्हणून बॉल सुटला."

टाळ्या विरल्या. खुशीला जरा गंमत वाटली. इतकं सोपं असतं?

मग रूपाली बॉल घेऊन पळाली. दोघीजणी तिच्यावर धावून आल्या. तिनं त्यांना अगदी अंगावर येऊ दिलं आणि ऐन वेळी बाजूच्या पोरीकडं मागं पास टाकला. त्या पोरीपुढं सगळं मैदान मोकळं. तिनं रेषेपलीकडं जाऊन बॉल टेकवला. ट्राय झाली, पाच पॉइंट मिळाले.

"कोनी केली? आपल्या रूपालीनं केली का?"

"नाई. दुसरीनं केली," खुशी म्हणाली. "रूपाली भेली. अंगावर दोघी येऊन राह्यल्या पाहून बॉल देऊन मोकळी झाली."

"अशी भित्री हाये तं नेली काहून तिले?" रुख्माबाई मोठ्यानं म्हणाली. दोनचार बाया खुसखुसल्या. मंजूकाकूनं पदर तोंडावर घेतला. ती एकटक टीव्हीकडं पाहत राहिली, पण तिचे खांदे उतरले. खुशीच्या जिवाला असं गार वाटलं, जसं दवाखान्यातल्या कुठल्याही गोळीनं वाटलं नव्हतं. मग तिनं हात आखडता घेतला नाही. रूपाली पडली की "दम नाई तिच्यात," रूपाली उठली की "नाटक करून राह्यली." कझाकस्ताननं ट्राय केली, वर किकचे दोन पॉइंटही मिळवले, तेव्हा तर तिनं सरळ सांगून टाकलं की रूपालीनंच जागा सोडली. जागा सोडली होती दुसऱ्याच पोरीनं. पण ते पाहायला तिथं डोळे कुणाचे होते?

सुस्ती झाली. भारत पाच, कझाकस्तान सात. रजत मोबाईल घेऊन खुर्चीपाशी आला. त्यानं फोनवर हिंदी कॉमेंट्री लावली होती.

"हा तं म्हणून राह्यला, रूपालीनं लय बढिया पास देल्ला. तू म्हणतं भेली."

"मंग त्यालेच विचार नं. मले काहून आणलं?"

"तू खोटं सांगून राह्यली, खुशी. माय रडून राह्यली तिकडं. दिसत नाई तुले?"

"माही माय पण रडली. तवा तू कुठं होता?"

रजतनं दात आवळले. चार लोक पाहत होते म्हणून तो मागं फिरला, पण जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जळून राह्यली ही. हिचं काही ऐकू नका."

दुसरा भाग सुरू झाला. भारतानं लगेच ट्राय केली. दहा-सात. अंगण उठून नाचायला लागलं. आता कुणी खुशीला काही विचारत नव्हतं. वेळ संपत आला होता. लांब वेणीची एक कझाक पोरगी कडेनं निघाली. काय पळत होती! खुशीला क्षणभर स्वतःलाच टीव्हीत पाहिल्यासारखं झालं. त्या पोरीनं डावीकडं पास दिला, बॉल गेला, कॅमेराही बॉलमागं वळला. पण खुशीची नजर वळली नाही. तिला उजव्या कोपऱ्यातून निळी जर्सी येताना दिसली.

रेफरीची शिट्टी वाजायच्या आधी खुशी खुर्चीवरून उठली होती. "मारलं! मारलं तिनं!"

वेणीवाली पोरगी गुडघा धरून गवतात लोळत होती. रेफरीनं खिशातून पिवळं कार्ड काढून रूपालीपुढं धरलं.

"काय झालं? पिवळं कायले?"

"चीटिंग हाये!" रजत ओरडला. "जितून राह्यलो तं बाहेर काढून राह्यले!"

लोक रेफरीला शिव्या घालू लागले. टीव्हीवर तोच प्रसंग पुन्हा दाखवला, अगदी संथ करून. वेणीवालीच्या हातातून बॉल सुटतो. बॉल दूर जातो. रूपाली येते, दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले, मिठी मारायला उघडलेलेच नाहीत. खांदा पुढं. आणि तिची नजर बॉलवर नाही, ती खाली आहे, गुडघ्यावर.

त्या दिवशी आपल्याला काय झालं ते खुशीनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला नुसतं सोसायला मिळालं होतं. आता ते सगळ्या गावासमोर पडद्यावर चाललं होतं.

"पाहा!" ती टीव्हीशी जाऊन उभी राहिली. "बॉल केव्हाच गेला. तिचे हात पाहा, बंद हायेत. हात न लावता खांदा मारला तिनं, गुडघ्यावर. याले कार्ड भेटतेच. मलेही अस्संच मारलं होतं. अस्संच! तुम्ही म्हणत होते, खेळात असं होतेच. पाहा नं आता!"

या वेळी तिनं एक शब्दही वाकडा सांगितला नव्हता.

"आली पुन्हा!" रजत पुढं आला. "मघापासून खोटं, आता पन खोटं."

"मी खरं सांगून राह्यलो, रजतदादा. पुन्हा दाखवून राह्यले, पाहा तरी..."

"हट तिथून! दिसू दे आमाले!" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं.

"बहीण परदेशात देशासाठी खेळून राह्यली अन् ही इथं तिच्यावर थुंकून राह्यली," रुख्माबाई म्हणाली. मघाशी रूपालीला भित्री म्हणणारी हीच. "जळकुकडी मेली."

एका पोरानं खुशीची खुर्ची उचलून मागं नेऊन ठेवली. खुशी ओट्याच्या कडेला तशीच उभी राहिली. पहिल्या भागात तीच खोटं बोलली होती, हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? आता खरं सांगायला ती तोंड कुठून आणणार? एकटी मंजूकाकू काही ओरडत नव्हती. तिच्या तोंडावरचा पदर खाली आला होता आणि ती पडद्याकडं पाहत होती.

पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. रूपाली कडेला खुर्चीत बसली, डोक्यावर टॉवेल. भारताच्या सहाजणी उरल्या, आणि जिथं रूपाली असायला हवी होती नेमकी तिथूनच कझाकस्तानची पोरगी आत घुसली. दहा-बारा. मॅच संपली. पदक गेलं.

अंगणात बोलणं सुरू झालं, आणि बोलता बोलता सगळी बोटं खुशीकडं वळली. हिचीच नजर लागली. हीच आल्यापासून अशुभ बोलत होती. पुनारामकाकांनी, ज्यांनी स्वतः येऊन तिला नेलं होतं, तिच्याकडं पाठ फिरवली. खुशी घरी पोचेपर्यंत दोन खडे तिच्या मागून आले. एक लागला. तिनं वळून पाहिलं नाही.

रूपाली परत आली तेव्हा बालाघाट स्टेशनवर हार घेऊन लोक गेले होते. गावात रॅली निघाली. हरली तरी देशासाठी खेळून आली होती, आणि तिला बेइमानीनं बाहेर काढलं होतं, अशी सगळ्यांची खात्री होती. खुशीच्या दारासमोरून जाताना ढोल मुद्दाम जोरात वाजला. पुष्पलतानं दार लावून घेतलं. आतून खुशीनं फटीतून पाहिलं. गाडीवर उभ्या रूपालीच्या गळ्यात झेंडूचे हार होते आणि तीही त्या बंद दाराकडंच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. राग होता.

मग आठवडाभरानं बोअरिंगवर मंजूकाकू भेटली. खुशीनं हापशीखाली पाण्याचा गुंड लावला होता. काकू मागं येऊन उभी राहिली. बोलणं बंद पडल्यापासून दोघी अशा एकट्याच समोरासमोर एकदाही आल्या नव्हत्या. खुशी अंग आक्रसून शिव्यांची वाट पाहत होती.

काकू हलक्या आवाजात म्हणाली, "थे वेणीवाली पोरगी... तिचा पाय बरा झाला का वं? काही समजलं का तुले?"

खुशीनं मान हलवली. "नाई काकू."

"रूपालीले विचारलं तं म्हणते, तुले काय कराचं हाये." काकूनं हँडलला हात घातला आणि खुशीचा गुंड भरून दिला. आणखी काही न बोलता ती स्वतःचा गुंड लावून हापसू लागली. घरी येताना खुशीला वाटेत थांबावं लागलं. तिला रडू आलं होतं, आणि रडू आलं याचाच राग आला होता.

पावसाळा सरला, धान लोंबीवर आलं, तेव्हा डॉक्टरांनी खुशीला मैदानावर जायची मोकळीक दिली. महेंद्र सरांनी तिला बालाघाटला बोलावलं. रूपालीही तिथं सरावाला यायची. दोघी एकाच बसनं जायच्या, एक पुढं बसायची, एक मागं. राज्याच्या टीममध्ये दोघी हव्या होत्या, म्हणून सरांनी एकदा त्यांना एकत्र बसवून समजवायचा प्रयत्न केला. "बेटा, टीम में ऐसा नहीं चलता," वगैरे. रूपाली म्हणाली, "मी काहीच केलं नाई, सर. हीच गावात बदनामी करत फिरते." खुशी म्हणाली, "मले वेगळ्या बाजूनं खेळवा." सरांनी हात टेकले.

तर सरावाची मॅच झाली, एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं दुसरी. पोरी जपून खेळत होत्या, कारण आज काहीतरी होणार हे सगळ्यांना कळत होतं. खुशीनं रात्ररात्र जागून मनात हजारदा तो धक्का परत केला होता. पण मैदानात उतरल्यावर श्वासच पुरेना. पहिला पास सुटला. दुसऱ्यांदा ती पडली. गुडघ्याची भीती इतकी की बाकी काही मनात आणायला सवडच नव्हती.

मग रूपालीकडं बॉल आला. तिनं तो डावीकडं दिला. बॉल हवेत गेला. खुशीला बॉलपर्यंत पोचायचं होतं, बस, आणि जवळची वाट रूपालीच्या अंगावरून जात होती. तिनं मान खाली घातली आणि जीव खाऊन पळाली.

रूपालीनं तिला येताना पाहिलं.

"गुडघ्यावर नको!" ती किंचाळली. "खुशी, गुडघ्यावर नको!" आणि कुणी बोटही लावलं नसताना ती खाली बसली, दोन्ही हातांनी उजवा गुडघा झाकून, अंगाचं मुटकुळं करून.

खुशी तिच्या बाजूनं निघून गेली होती. चार पावलं पुढं जाऊन तिला ते शब्द उमगले आणि ती थांबली. बॉल कुणीच धरला नाही, तो कुठंतरी घरंगळत गेला. सगळ्या पोरी रूपालीकडं पाहत होत्या. महेंद्र सरांची शिट्टी ओठात तशीच होती. या वेळी त्यांनीही बॉलकडं पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" सर जवळ आले. "तिनं हात तरी लावला का तुले?"

रूपालीनं गुडघ्यावरचे हात काढले.

"मंग गुडघ्यावर नको, असं काहून म्हटलं तू?"

तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिनं एकेकीकडं पाहिलं. कुणी नजर चुकवली नाही. मग ती उठली, जर्सीवर घातलेलं पिवळं बनियन काढून गवतात टाकलं आणि गेटकडं चालू लागली. खुशीच्या बाजूनं जाताना थांबून दातओठ खात म्हणाली, "आता झालं नं समाधान? पूरं झालं नं तुहं?"

"नाई," खुशी म्हणाली.

आणि ते खरंच होतं. रूपाली उघडी पडली की आनंदाची उकळी फुटेल, जीव थंड होईल, असं तिला इतके महिने वाटत आलं होतं. पण रूपालीची पाठमोरी आकृती गेटबाहेर गेली तरी तिच्यावरचा राग जागचा हलला नव्हता. माफ करावं असं काही मनात येत नव्हतं, आणि ती आता कुणालाही काही समजावून सांगणारही नव्हती.

महेंद्र सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "खुशी, त्या दिवशी मी..."

"त्यांच्याकडं एक पोरगी कमी झाली, सर," खुशी गुडघ्यावरची माती झाडत म्हणाली. "कोणाले तरी टाका तिकडं, अन् शिट्टी वाजवा."